रक्तात न सापडणारा बदल

डिसेंबर २०२४ मध्ये आयआयटी मद्रासने ‘धरणी’ हा गर्भावस्थेतील मानवी मेंदूचा त्रिमितीय नकाशा सर्वांसाठी खुला केला. १४ ते २४ आठवड्यांच्या गर्भांच्या मेंदूंचे ५,१३२ छेद त्यात आहेत. पुढच्याच महिन्यात जीनोम इंडिया प्रकल्पातील दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना उपलब्ध झाली. दोन्ही कामे मोठी आहेत आणि त्यांचे कौतुक झाले ते योग्यच झाले. मात्र या दोहोंच्या मधली एक जागा रिकामी आहे. नकाशा पेशी कोठे आहे ते सांगतो, जनुकक्रम तिला मिळालेली सूचना सांगतो. ती सूचना त्या पेशीत किती जोमाने अमलात येते आहे, हे दोहोंतूनही कळत नाही. भौतिकशास्त्रात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न आधी सुचतो, कारण यंत्राचा आराखडा आणि यंत्राचा वेग यांत आम्ही कधी गल्लत करीत नाही.

लिपिड कायनेज ही विकरांची जात या दृष्टीने विशेष बोलकी आहे. पेशीपटलाच्या आतल्या बाजूस फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल नावाचा एक मेद असतो. त्याच्या कडीसारख्या शीर्षावर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटवणे, एवढेच या विकरांचे काम. पीआय-३-कायनेज तिसऱ्या जागी फॉस्फेट बसवते. त्यातून तयार होणारा मेद एरवी पेशीत जवळजवळ नसतोच. वाढीचा संकेत आला की काही सेकंदांत त्याचे प्रमाण चढते, एकेटीसारखी प्रथिने त्यावर येऊन बसतात, आणि ‘पीटेन’ नावाचे दुसरे विकर ते फॉस्फेट काढून टाकून संकेत शमवते. घडणाऱ्या मेंदूत या चढउतारावर बरेच अवलंबून असते: पेशीने किती मोठे व्हावे, किती वेळा विभागावे, तिला फुटलेल्या अनेक कोंबांपैकी कोणता अक्षतंतू व्हावा.

आता समजा, गर्भाच्या मेंदूतील एकाच जनक पेशीत विभाजनाच्या वेळी पीआयके३सीए या जनुकात एका अक्षराचा बदल झाला आणि हे विकर सदैव चालू राहिले. त्या पेशीची सर्व संतती तो बदल घेऊन मेंदूच्या एका बाजूला पसरते. ती बाजू अवाजवी वाढते, पेशी आडव्यातिडव्या रचल्या जातात आणि बाळाला औषधांना दाद न देणारे झटके सुरू होतात. याला हेमिमेगॅलेनसेफली म्हणतात. २०१२ साली अशा २० रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेल्या मेंदूच्या ऊतीची तुलना त्यांच्याच रक्ताशी केली गेली. सुमारे ३० टक्के रुग्णांत पीआयके३सीए, एकेटी३ किंवा एमटॉर या जनुकांत बदल सापडला. तो मेंदूच्या काही पेशींत होता, रक्तात नव्हता.

म्हणजे अशा मुलाच्या रक्ताचा जनुकीय अहवाल निर्दोष येऊ शकतो. आपल्याकडे अहवाल निर्दोष आला की चौकशी आईकडे वळते. ग्रहण पाळले नाही, पपई खाल्ली, कामावर जात राहिली. सुशिक्षित घरांतही हे बोलले जाते, केवळ आवाज खालचा असतो. वास्तविक हा बदल गर्भधारणेनंतर, एका पेशीत, योगायोगाने झालेला असतो. आईच्या वा वडिलांच्या वागण्याशी त्याचा संबंध नाही, आणि तो आईवडिलांकडून आलेला नसल्याने पुढच्या अपत्यात पुन्हा उद्भवण्याची शक्यताही अत्यल्प असते. हे वाक्य त्या कुटुंबाला पुराव्यासह ऐकायला मिळणे, हा माझ्या मते या संशोधनाचा पहिला उपयोग आहे, औषध नंतर. पीआयके३सीएमुळे होणाऱ्या अतिवाढीसाठी अल्पेलिसिब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, ही आशेची गोष्ट खरी. परंतु जन्मापूर्वी रचला गेलेला मेंदू गोळीने पुन्हा रचला जात नाही.

पुरावा मात्र ऊतीत आहे, आणि ती आपण गमावतो. अपस्मारावरील शस्त्रक्रिया भारतातील अनेक मोठ्या रुग्णालयांत होतात. काढलेला भाग बहुधा फॉर्मॅलिनमध्ये जातो आणि पुढे मेणाच्या ठोकळ्यात. निदानासाठी ते आवश्यकच आहे, त्याबद्दल विकृतिशास्त्रज्ञांशी माझा वाद नाही. पण मेणात बसवण्यापूर्वी ऊती अल्कोहोल आणि झायलीनमधून न्यावी लागते, आणि ही द्रावणे मेदच धुऊन नेतात. ज्या रेणूचे प्रमाण मोजायचे, तोच नाहीसा होतो. विकराची क्रियाही उरत नाही; डीएनए उरतो, तोही तुकड्यांत.

उपाय खर्चिक नाही. निदानाला लागणारा भाग बाजूला काढल्यावर उरलेल्यापैकी वाटाण्याएवढा तुकडा शस्त्रक्रियागृहातच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा, सोबत त्याच मुलाचे थोडे रक्त ठेवावे. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये मेंदूच्या ऊतींची पेढी आहे, म्हणजे अनुभव देशात आहे. हवा आहे तो निधी, रुग्णालयांना जोडणारी एक सामाईक कार्यपद्धती, आणि पालकांना त्यांच्या भाषेत समजावून घेतलेली संमती. जीनोम इंडियाच्या पुढील टप्प्याची चर्चा होते तेव्हा आणखी किती लाख नमुने घ्यावेत, याचाच आकडा पुढे येतो. त्या आकड्यातून काहीशे नमुने कमी करून त्यांच्या जागी अशा मुलांच्या ऊती आणि रक्ताच्या जोड्या घ्याव्यात, असे माझे मत आहे. घाईचे कारण उघड आहे: शस्त्रक्रिया एकदाच होते, आणि ऊतीतील फॉस्फेटची स्थिती रक्तपुरवठा तुटल्यावर काही मिनिटांत बदलू लागते.