शंभर बैलगाड्यांची मिरवणूक



महंमद अली हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं आहे? हात वर करा पाहू! नसेल ऐकलं तर बाबांना नाहीतर आजोबांना विचारा. ते लगेच दोन्ही मुठी वळून हवेत ठोसे मारून दाखवतील. अमेरिकेचा हा मुष्टियोद्धा ३ जून २०१६ रोजी वारला. आठवड्याभरानं लुईव्हिल या त्याच्या जन्मगावी अंत्ययात्रा निघाली, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती माणसंच माणसं होती. शववाहिनीवर फुलं पडत होती आणि लोक 'अली! अली!' असा पुकारा करत होते. इकडे आमच्या लासलगावातही टीव्हीपुढे बसून कितीतरी जणांनी ते पाहिलं.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. आपल्या महाराष्ट्रातही एक मोठे मल्ल होऊन गेले. ते ठोसे मारत नसत, कुस्ती खेळत. त्यांना जाऊनही आता चाळीसच्या वर वर्षं झाली. त्यांची आठवण कुणी ठेवली, आणि कशी?

नाव खाशाबा दादासाहेब जाधव. गाव गोळेश्वर, कऱ्हाडजवळ, सातारा जिल्हा. जन्म १५ जानेवारी १९२६. अंगानं लहानखुरे, पण चपळ असे की त्यांना 'पॉकेट डायनॅमो' म्हणत. डायनॅमो म्हणजे सायकलच्या चाकाला लावून दिवा पेटवायचं ते यंत्र. आईबाबांना ठाऊक असेल, तुमच्या गिअरच्या सायकलींना ते कुठलं असायला!

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते पहिल्यांदा गेले. आपल्याकडे यात्रेत कुस्त्या होतात, त्या पाहिल्या आहेत ना? लाल माती, हलगीचा कडकडाट, आणि आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. खाशाबा त्याच मातीत वाढलेले. लंडनला मात्र पायाखाली गादी! शिवाय आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपली. तिथले नियम निराळे. तरीही त्यांनी सहावा नंबर काढला. मातीत खेळणाऱ्यानं पहिल्याच झटक्यात जगात सहावं यावं, ही काय लहान गोष्ट झाली?

चार वर्षांनी फिनलंडमध्ये हेलसिंकीला ऑलिंपिक भरलं. जायचं तर पैसा पाहिजे, आणि खाशाबांकडे तो नव्हता. मग गावातून वर्गणी गोळा झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. घर गहाण! सात हजारांत आज एक बरा मोबाईलही येत नाही, पण तेव्हा ती घराएवढी रक्कम होती. मला विचाराल तर खाशाबांचे पहिले चाहते हेच. टाळ्या पदक मिळाल्यावर सगळेच वाजवतात. यांनी आधीच खिसा रिकामा केला होता.

हेलसिंकीत खाशाबांनी एकामागून एक कुस्त्या मारल्या. मग गाठ पडली जपानच्या शोहाची इशीशी. ती कुस्ती पंधरा मिनिटांहून जास्त चालली आणि खाशाबा हरले. दमून गेलेला हा गडी जरा श्वास घेतो न घेतो तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढायला बोलावलं गेलं. नियमाप्रमाणे मध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण तसं ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथं हजर नव्हता! खाशाबा तसेच उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य आणि खाशाबांना कांस्य. हॉकीत आपण सुवर्णपदकं घेत होतोच, पण तो अकरा जणांचा खेळ. स्वतंत्र भारतासाठी एकट्यानं मिळवलेलं हे पहिलंच पदक.

परत आले ते आगगाडीनं, कऱ्हाड स्टेशनवर. तिथून गोळेश्वरचा रस्ता एरवी पाव तासाचा. त्या दिवशी सात तास लागले! कारण न्यायला शंभराहून जास्त बैलगाड्या आल्या होत्या. लासलगावच्या पोरांना हे चटकन समजेल. आपल्या मार्केट यार्डात कांद्याचे ट्रॅक्टर ओळीनं उभे असतात ना, तशा बैलगाड्या डोळ्यांपुढे आणा. एक गाडी बैलांसकट वीस फूट धरली तर शंभर गाड्यांची रांग किती लांब? करा गणित. उत्तर सहाशे मीटर आलं तर शाबास.

आणि मिरवणूक संपल्यावर? खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि त्या पैशांतून खर्डेकरांचं घर सोडवून दिलं.

पुढचं मात्र पटकन सांगतो, कारण सांगताना बरं वाटत नाही. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, नोकरीत वर्षं गेली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. जिवंतपणी मोठा सरकारी पुरस्कार असा मिळालाच नाही.

आता पुन्हा महंमद अलीकडे येऊ. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकची ज्योत पेटवायला अली उभा राहिला. पार्किन्सन नावाच्या आजारानं त्याचा हात थरथरत होता. जगानं ते पाहिलं आणि डोळे पुसले. त्याच अटलांटात टेनिसपटू लिअँडर पेसनं भारतासाठी कांस्यपदक जिंकलं. मग हिशेब निघाला की याआधी एकट्यानं पदक आणलं कुणी? उत्तर आलं, खाशाबांनी, ४४ वर्षांपूर्वी! ते पाहायला खाशाबा नव्हते. त्यांना जाऊन १२ वर्षं झाली होती.

त्यानंतर २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१० मध्ये दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांचा वाढदिवस, १५ जानेवारी, हा राज्याचा क्रीडा दिन करायचं २०२३ साली ठरलं. म्हणजे शाळेत तुम्ही त्या दिवशी पळता-खेळता ते त्यांच्या नावानं, बरं का! हे सारं उशिरानं झालं, फारच उशिरानं. पण मधल्या वर्षांत गोळेश्वरकरांनी वाट पाहिली नव्हती. तिथल्या खाशाबांच्या घराला 'ऑलिंपिक निवास' म्हणतात, आणि त्या मिरवणुकीची गोष्ट आजोबांकडून नातवांकडे येत राहिली. म्हणून तर ती आज माझ्यापर्यंत आणि तुमच्यापर्यंत पोचली.

आणखी एक गंमत. महाराष्ट्राला असं दुसरं पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. हो, आपल्या लासलगाव स्टेशनवरून गाड्या धावतात, तीच मध्य रेल्वे!

आता तुमचं काम. तुमच्या गावाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरत असेल. तिथं गाजलेला जुना पहिलवान कोण, त्याचा आवडता डाव कोणता, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवा. अक्षर सुवाच्य काढा आणि पत्त्यात पिनकोड विसरू नका. चांगली पत्रं याच पानावर छापू.