काचेवरचा उजेड

गेल्या वर्षी नवरात्रात आमचे सारे कुटुंब भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायला गेले होते. सूर्य समुद्राला टेकायला आला, तशी सौभाग्यवतींनी मुलांना रांगेत उभे केले आणि मी मोबाइलवर फोटो काढला. घरी येऊन पाहतो तो धाकट्याच्या पोटावर एक हिरवा ठिपका! "अहो, हे काय चिकटलंय याच्या सदऱ्याला?" असे म्हणत सौभाग्यवतींनी मोबाइल ओढणीने पुसूनही पाहिला.

ठिपका वर चिकटलेला नव्हता. तो भिंगांच्या पोटात जन्मला होता. मोबाइलच्या इवल्याशा कॅमेऱ्यातही एकामागे एक अशी अनेक भिंगे असतात आणि साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड माघारी फिरतो. १९३५ साली झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगाला पातळ लेप देऊन हे माघारी फिरणे पुष्कळ कमी करण्याची युक्ती काढली. पण खुद्द सूर्यनारायणच समोर ठाकले, की उरलासुरला उजेडसुद्धा भिंगाभिंगांत टोलवाटोलवी करीत चित्रात उतरतो. सूर्य डावीकडे वर असला, तर ठिपका बहुधा चित्राच्या मध्याच्या पलीकडे, उजवीकडे खाली.

माझ्या एका विद्यार्थ्याने तो अर्ध्या मिनिटात घालवला. फोटोशॉपमध्ये 'हीलिंग ब्रश' नावाचे हत्यार २००२ पासून आहे. ते शेजारचा पोत उचलून डागावर बसवते. सदऱ्याला सदऱ्याचेच ठिगळ! कोणाची काही तक्रार नव्हती. या यशाने माझी हाव वाढली आणि मी भिंतीवरचा आईचा फोटो खाली उतरवला.

१९७४ सालचा, लग्नाआधीचा, कृष्णधवल. तिचा तरुणपणचा एवढाच. आमच्या रत्नागिरीत वर्षाला शंभर इंचांवर पाऊस. त्या ओलीने फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगून काचेलाच चिकटलेला. सोडवायला जावे, तर चेहरा काचेवर राहायचा. म्हणून काचेसकटच त्याचा फोटो घेतला, आणि आईच्या गालावर आमच्या खिडकीचे गज उमटले. एका दुकानदाराने तेही चुटकीसरशी नाहीसे करून मोठी प्रत हातात ठेवली.

भाऊबीजेला धाकटी बहीण आली. तसबिरीपुढे बराच वेळ उभी राहून म्हणाली, "दादा, आईची चमकी कुठाय?"

खरेच, नाक मोकळे होते. खिडकीचा उजेड पुसताना यंत्राने चमकीचाही पुसला होता. त्याच्या लेखी दोन्ही पांढरेच. गालावरचा देवीचा वणही गेला होता. सदऱ्याच्या डागाखाली सदराच असणार, हे ठाऊक होते. गजांखालचा आईचा गाल मात्र यंत्राने कधी पाहिलाच नव्हता. त्याने आपल्या अंदाजाने एक गुळगुळीत गाल बसवून दिला.

"अगदी आईसारखी दिसते," बहीण म्हणाली. ते मला फार लागले.

विद्यार्थ्याला पुन्हा बोलावले. तो म्हणाला, "सर, आपण जागा बदलली की प्रतिबिंब हलतं, बाई काही हलत नाहीत." तसबीर टेबलावर निजवली, समोरची खिडकी लावून घेतली, दिवा बाजूला ठेवला आणि माझ्या पाठीमागे बहिणीने काळी छत्री उघडून धरली. (कोकणात छत्री शोधावी लागत नाही.) काचेत आता छत्रीचा काळोखच काय तो दिसणार! तरी काही चुकार पट्टे उरले. मग जरा जरा सरकून तीन फोटो घेतले. ते संगणकावर पारदर्शक कागदांसारखे एकावर एक रचायचे, कोपऱ्याला कोपरा जुळवायचा आणि एकात जिथे उजेड पडला असेल तिथे तो खोडून खालचा स्वच्छ भाग उघडा करायचा. नवे काहीच रंगवायचे नाही. तीन संध्याकाळी गेल्या. सौभाग्यवतींनी चहा दोनदा दिला, तिसऱ्यांदा नुसते पाहिले.

चमकी आली, वणही आला. पदराच्या काठाशी मात्र तिन्ही फोटोंत उजेड होता, तेवढा पांढरा पट्टा राहिला.

"सर, एवढा भरून टाकू?"

मी बहिणीला फोन लावला. ती क्षणभर थांबून म्हणाली, "काठ कसला होता रे, दादा? तुला आठवतो?"

मला आठवला नाही. पट्टा तसाच ठेवला आहे.