टाइल्सच्या आधी शोषखड्डा

दिवाळी सरली की भोर आणि वेल्ह्यात घरदुरुस्तीचा हंगाम सुरू होतो. भाताची झोडणी उरकलेली असते, रस्ते वाळलेले असतात, सिमेंट-वाळूची गाडी दारापर्यंत येऊ शकते आणि पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलाने पैसे पाठवलेले असतात. या दुरुस्तीत पहिला नंबर आजकाल अनेकदा बाथरूमचा लागतो. मोबाइलवर चित्रे साठवलेली असतात: काचेचे पार्टिशन, भिंतीतून बाहेर आलेला कमोड, छतातून पावसासारखा पडणारा शॉवर, काळ्या दगडाचा भास देणारी टाइल.

यात हसण्यासारखे काही नाही. ज्या घरातल्या बायकांनी वर्षानुवर्षे पत्र्याच्या आडोशाला अंघोळ केली आणि बाहेर जायला अंधार पडण्याची वाट पाहिली, त्या घराने आता बाथरूमवर दोन पैसे सैल सोडले तर तो खर्च सत्कारणीच लागला म्हणायचा. खटकतो तो खर्चाचा क्रम. आधी टाइल ठरते, मग नळ आणि शॉवर, मग कमोड. सगळ्यात शेवटी, काम सुरू झाल्यावर गवंडी विचारतो, ‘दादा, पाणी कुठं सोडायचं?’ आणि उत्तर येते, ‘सोडा की मागच्या बाजूला.’ आरोग्याचा विचार केला तर हाच प्रश्न पहिला हवा. भोर-वेल्ह्यासारख्या मुलखात बाथरूमचा आराखडा बाहेरच्या खड्ड्यापासून सुरू करून आत आणावा लागतो.

जुन्या मावळी घरात न्हाणी आणि संडास एका छताखाली नसत. न्हाणी मागच्या पडवीत किंवा परसात, शेजारी बंब किंवा चूल, आणि तिचे पाणी अळूला नाहीतर केळीला. संडास असलाच तर परसाच्या टोकाला, नाहीतर रान होतेच. या व्यवस्थेत गैरसोय भरपूर होती, रोगराईही होती. पण साबणाचे पाणी आणि मैला यांच्या वाटा त्यात आपोआप वेगळ्या राहत. संडास-बाथरूम घरात एकत्र आले तेव्हा या दोन्ही वाटा एकाच पाइपात गेल्या, आणि तिथून पुढच्या बऱ्याच अडचणी सुरू झाल्या.

सर्वात आधी जाणवतो तो वास. हार्डवेअरच्या दुकानात ‘नहाणी ट्रॅप’ मागितला की मिळतो. आपल्या न्हाणीचा हा शब्द प्लंबिंगच्या धंद्याबरोबर देशभर पोहोचला आहे, आणि ज्या घरांतून तो निघाला तिथेच आज ती वस्तू बसवायची टाळाटाळ होते. ट्रॅपच्या वाकड्या भागात साधारण पाच सेंटिमीटर उंचीचे पाणी कायम साठून राहते. पाइपातला दुर्गंधी वायू, झुरळे आणि चिलटे त्या पाण्यापाशी अडतात. बसवायला सोपा म्हणून उथळ ट्रॅप लावला, किंवा नुसतीच स्टीलची जाळी ठेवून खाली सरळ पाइप जोडला, तर पन्नास हजारांच्या टाइल्सनाही गटाराचा वास येतो. इथल्या अनेक घरांची आणखी एक गत आहे. गणपती, जत्रा आणि मे महिना सोडला तर ती कुलूपबंद असतात. महिना-दीड महिन्यात ट्रॅपमधले पाणी उडून जाते आणि अडथळाच उरत नाही. कुलूप लावण्याआधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि त्यावर चमचाभर खाण्याचे तेल ओतले, तर तेलाच्या थरामुळे पाणी बरेच दिवस टिकते.

खरा प्रश्न मात्र जमिनीचा. भोरच्या पूर्वेला, नसरापूर-किकवीच्या बाजूला पाऊस बेताचा. पश्चिमेला हिर्डस मावळात आणि वेल्ह्याच्या (सरकारदरबारी आता राजगड तालुका) केळद-पासलीकडच्या भागात तो अडीच-तीन हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ आणि कातळात भेगा. पावसाळ्यात इथे जमीन इतकी भरते की चार हात खणले तरी पाणी लागते. एप्रिल-मे आला की त्याच वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. म्हणजे चार महिने मैला मुरायला जागा नाही आणि दोन महिने फ्लशला पाणी नाही. गुळगुळीत मासिकांतली बाथरूमची चित्रे काढणाऱ्यांनी असा मुलूख बहुधा पाहिलेला नसतो.

अशा जमिनीत सर्रास बांधली जाते ती सेप्टिक टँक. तिच्याबद्दलचा मोठा गैरसमज असा की ती मैल्याची विल्हेवाट लावते. प्रत्यक्षात टँकमध्ये जड भाग खाली बसतो, हवेशिवाय जगणारे जिवाणू त्यातला काही भाग कुजवतात आणि वरचे गढूळ पाणी पुढे जाते. या पाण्यात रोगजंतू आणि जंतांची अंडी भरपूर असतात. ते शोषखड्ड्यात नीट मुरले, मातीतून गाळले गेले, तरच काम पूर्ण होते. शोषखड्डा न करता टँकचा पाइप ओढ्याकडे, भाताच्या खाचराकडे किंवा रस्त्याच्या चरात काढला, तर घर चकाचक आणि गाव अस्वच्छ. शिवाय अंघोळीचे, धुण्याचे सगळे पाणी टँकमध्ये सोडले की आतल्या मैल्याला बसायला आणि कुजायला वेळच मिळत नाही, तो ढवळून तसाच बाहेर पडतो. टँकच्या व्हेंट पाइपला वर बारीक जाळी नसेल तर तिथे क्युलेक्स डासांची पैदास होते. हत्तीरोग पसरवणारा डास याच जातीतला.

टँक कधीतरी भरणार, याचा विचार तर बांधताना कोणीच करत नाही. मैला उपसणारी गाडी भोर शहराच्या गल्लीत येईल, पण डोंगराच्या कुशीतल्या वाडीपर्यंत जाणारा चढाचा, अरुंद रस्ता तिच्या कामाचा नाही. मग कोणातरी माणसाला आत उतरवण्याचा मोह होतो. टँकमधला हायड्रोजन सल्फाइड काही श्वासांत माणसाची शुद्ध हरपवतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे काम करून घेणे हा गुन्हा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये अशा मृत्यूंसाठीची भरपाई तीस लाख रुपयांवर नेली. तरीही घराच्या नकाशात, टँकपर्यंत गाडी येईल का, हा प्रश्न विचारला जात नाही.

जिथे गाडी पोहोचत नाही तिथे दोन शोषखड्ड्यांचा संडास हाच शहाणपणाचा पर्याय आहे, मग आतला कमोड कितीही भारी असो. पाच-सहा माणसांच्या कुटुंबाला जाळीदार विटांचे, साधारण मीटरभर व्यासाचे आणि तेवढ्याच खोलीचे दोन खड्डे पुरतात. एक भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा. बंद केलेल्या खड्ड्यातल्या मैल्याचे दीड-दोन वर्षांत मातीसारखे, बिनवासाचे खत होते आणि ते फावड्याने काढता येते. नियम मोजकेच, पण पाळायला लागतात. पावसाळ्यातल्या पाण्याच्या पातळीपासून खड्ड्याचा तळ निदान दोन मीटर वर हवा. विहिरीपासून साधारण दहा मीटर अंतर सांगतात, पण ते मातीच्या जमिनीसाठी. भेगाळ कातळात जंतू मातीतल्यासारखे गाळले जात नाहीत, भेगेतून थेट वाहत जातात. म्हणून विहीर किंवा झरा खड्ड्याच्या उताराला असेल तर जागाच बदलावी. पाणी वर येणाऱ्या ठिकाणी खड्डा अर्धा जमिनीच्या वर बांधून भोवती मातीची भर घालतात. अंघोळीचे पाणी यात अजिबात सोडायचे नाही. त्याला परसबागेची जुनी वाट मोकळी आहेच.

खड्डा उंच घ्यायचा तर संडासाची फरशी त्याहून उंच हवी, नाहीतर मैला वाहणार कसा? म्हणजे घरातली पातळी खड्डा ठरवतो. टाइल बसल्यावर हे लक्षात आले तर दोनच मार्ग उरतात: फरशी फोडायची, किंवा उतार नसलेला पाइप टाकून दर पावसाळ्यात तुंबलेला कमोड सोसायचा.

हे शहाणपण बाहेरून आणायचीही गरज नाही. डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर १९६०च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्याच देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आले. पोटाच्या आजारांवर औषधे देत बसण्यापेक्षा संडास बांधावेत, असे त्यांना वाटले. सुरुवातीला उभारलेले संडास पावसात ढासळले. मग कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी केलेल्या कामाकडे ते वळले, जमीन आणि पाणी पाहून बांधकाम बदलत गेले, मैल्यापासून गॅस मिळवणारे संडासही त्यांनी गावात रुजवले. सारा गाव संडास वापरू लागायला काही दशके लागली. २०१७मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. एवढे मोठे काम इतक्या जवळ झालेले असताना भोरचा गवंडी आजही टँकचे माप अंदाजाने घेतो, यात दोष त्याचा कमी आणि त्याला कधीच प्रशिक्षण न देणाऱ्या यंत्रणेचा जास्त आहे.

या प्रश्नात पुणेकरांचाही हिस्सा आहे. पानशेत आणि वरसगाव ही धरणे वेल्हे तालुक्यातली. त्यांचे पाणी खडकवासल्यात उतरते आणि तिथून पुण्याच्या नळाला येते. भोरमधले भाटघर आणि नीरा देवघरचे पाणी खालच्या तालुक्यांना जाते. धरणांच्या काठाने बंगले, फार्महाऊस आणि होमस्टे उभे राहत आहेत, आणि शहरी पाहुण्याला खोलीगणिक स्वतंत्र बाथरूम हवे असते. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता. दूषित पाण्यातून आणि अन्नातून तो पोटात जातो. त्या साथीचा वेल्ह्याच्या घरांशी संबंध जोडायला काही आधार नाही. पण पाण्यात मैला मिसळला की काय होऊ शकते, हे पुण्याने तेव्हा जवळून पाहिले. दहा खोल्यांच्या होमस्टेला परवानगी देताना सांडपाण्याचा नकाशा मागणे ही त्यामुळे पुण्याच्याही हिताची गोष्ट आहे.

आता बाथरूमच्या आत. फ्लशची टाकी दोन बटणांची आणि कमी पाण्याची घ्यावी. जुन्या टाक्या एका वेळी दहा-बारा लिटर ओतत. नव्या टाक्यांत लहान बटणाला तीन लिटर किंवा त्याहून कमी लागते. ग्रामीण पद्धतीचे तीव्र उताराचे भांडे तर दीड-दोन लिटरमध्ये साफ होते. टँकरच्या दिवसांत हा फरक डोक्यावरच्या हंड्यांत मोजावा लागतो.

गॅस गिझरच्या बाबतीत तडजोड नको. बंद बाथरूममध्ये तो जळत राहिला की ऑक्सिजन कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. अंघोळ करणाऱ्याला गरगरते, पाय लटपटतात आणि कडी काढायचेही भान राहत नाही. हवेशीर झरोका मोठा ठेवा असे सांगतात, पण थंडीत तोच झरोका माणसे गोणपाट कोंबून बंद करतात. गिझर आणि सिलिंडर दोन्ही भिंतीच्या बाहेर, उघड्यावर बसवावेत आणि आत फक्त गरम पाण्याचा नळ आणावा. आपला बंब बाहेर असायचा, त्याचा हा फायदा कोणी मुद्दाम योजला नसेल, पण होता.

आणि म्हातारी माणसे. भोर-वेल्ह्यातल्या कित्येक घरांत वर्षभर राहतात ते आजी-आजोबाच; बाथरूम बांधून देणारा मुलगा सणाला येतो. त्यामुळे चकचकीत टाइल निवडणारा एक आणि तिच्यावरून घसरणारा दुसरा, असे होते. ओल्या फरशीवर पडून मोडलेले खुब्याचे हाड या वयात माणसाला कायमचे अंथरुणाला खिळवू शकते. फरशीची टाइल खरखरीत आणि आकाराने लहान घ्यावी, म्हणजे सांधे जास्त येतात आणि पायाला पकड मिळते. कमोडजवळ धरायला स्टीलचा दांडा हवा, पण तो विटांच्या पक्क्या भिंतीत ठोकलेला. पोकळ राहिलेल्या टाइलवर बसवलेला दांडा नेमका भार पडल्यावर उपटून येतो. दार बाहेर उघडणारे असावे. आत पडलेल्या माणसाच्या अंगाने आत उघडणारे दार अडते आणि बाहेरच्यांना ते ढकलता येत नाही. या सगळ्याचा खर्च छतातल्या शॉवरपेक्षा फार नाही.

स्वच्छ भारत मोहिमेत संडास बांधायला घरटी बारा हजार रुपये मिळाले आणि त्याने मोठा फरक पडला. ती मोजणी मात्र संडासांची होती, त्यांच्या खड्ड्यांची नव्हे. आता लोक स्वतःच्या पैशाने त्याहून कितीतरी मोठी बाथरूम बांधत आहेत. अशा वेळी ग्रामपंचायतीने घराची नोंद करण्याआधी शोषखड्डा उघडा असतानाच पाहावा, आणि तालुक्यातल्या गवंड्यांना त्याचे दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे. कंत्राटदाराला पैसे देणाऱ्या घरमालकानेही शेवटचा हप्ता टाइल्स पाहून देऊ नये. दोन बादल्या पाणी ओतून ते कुठे जाते ते स्वतः बाहेर उभे राहून बघावे आणि मग द्यावा.

काम दिवाळीनंतर काढायचे असले तरी खड्ड्याची जागा पावसाळ्यातच पाहून ठेवावी लागते. गणपतीला मुलगा गावी आलेला असतो, जमीन तुडुंब असते, परसात पाणी कुठून झिरपते आणि कुठे साचते ते डोळ्यांना दिसते. हातभर खोल खड्डा खणून सकाळी त्यात पाणी भरायचे आणि संध्याकाळी किती उतरले ते पाहायचे. उतरले नसेल, तर दुसरी जागा शोधायला दिवाळीपर्यंत वेळ हाताशी असतो.