चौकातला पांढरा रंग : वारली चित्रे आणि ‘निसर्गाशी एकरूप’ हा सोयीचा समज

१/ वारली चित्रांवरील लोकप्रिय मजकुरात दोन विधाने हमखास आढळतात. ही कला हजारो वर्षे जशीच्या तशी चालत आली, हे पहिले. ती माणूस आणि निसर्ग यांच्या सहजीवनाचे निरागस दर्शन आहे, हे दुसरे. पहिल्याला पुरावा नाही. दुसरे अर्धेच खरे आहे, आणि गाळलेल्या अर्ध्या भागात एका समाजाचा इतिहास दडलेला आहे.

२/ आधी प्राचीनतेचा दावा. भीमबेटकाच्या शैलचित्रांशी साम्य दाखवून वारली चित्रांचे वय सांगितले जाते. परंतु दोन ठिकाणच्या माणसांनी काटकुळ्या मानवाकृती काढल्या, एवढ्यावरून अखंड परंपरा सिद्ध होत नाही. शेणामातीने लिंपलेला कूड वरचेवर सारवावा लागतो आणि जुने चित्र त्याखाली जाते. परंपरा जुनी असेलही. पण तिचे वय सहस्रकांत मोजण्याजोगा पुरावा अशा भिंतीवर टिकत नाही.

३/ हा वाद केवळ सनावळीचा नाही. एखाद्या समाजाला ‘कालातीत’ म्हटले की त्याच्या आयुष्यात काही घडले होते, हेच नाकारले जाते. ज्याच्यावर काही गुदरलेच नाही, त्याचे काही हिरावले गेले असे तरी कोण म्हणणार?

४/ आता प्रत्यक्ष चित्राकडे. डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यात लग्नाच्या वेळी सुवासिनी घरातल्या भिंतीवर लग्नचौक लिहीत आल्या आहेत. चौकाच्या मध्यभागी पालघट, म्हणजे सुफलतेची देवी. भोवती झाडे, पशुपक्षी, माणसे. लग्नविधीची गाणी धवलेरी गाते. पार्श्वभूमी शेणाची वा गेरूची, कुंचला म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी, आणि रंग एकच : पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ.

५/ हा तांदूळ येतो कुठून? उत्तर कोकणात भाताचे बी पेरण्यापूर्वी रोपांची जागा भाजून घेण्याची रीत आहे. तोडलेल्या फांद्या, पाने, गवत आणि शेण यांचे थर रचून ते पेटवायचे. यालाच राब म्हणतात. म्हणजे जंगलातली फांदी शेतात येते, तिच्या राखेवर रोप वाढते आणि त्याच भाताचे पीठ भिंतीवर चढते. सहजीवन म्हणायचे तर ते हे आहे : कोयत्याने आणि घामाने, ऋतूंचे वेळापत्रक सांभाळून चालवलेले. निरागसपणाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

६/ ही साखळी तुटू लागली ती ब्रिटिश वनधोरणामुळे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव आणि संरक्षित जंगलांची चौकट घट्ट केली. राबासाठी फांदी तोडणे हा वहिवाटीचा भाग होता. आता तो सरकारी मेहेरबानीचा विषय झाला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला १८८५ मध्ये त्यांच्या चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला.

७/ जंगल सरकारच्या हाती गेले, तशी जमीन सावकार-जमीनदारांच्या घशात गेली. वारली आपल्याच शिवारात कूळ झाला, वेठबिगार झाला. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्याला ते फिटेपर्यंत धन्याच्या घरी राबावे लागे, आणि ते सहसा फिटतच नसे. अशा माणसाला नाव होते ‘लग्नगडी’. ज्या लग्नासाठी भिंतीवर चौक उमटे, तेच लग्न दास्याचे दारही ठरे. मंगल चौकाचे कौतुक करणाऱ्या किती लेखांत हा शब्द आढळतो?

८/ हे जोखड झुगारले गेले १९४५ मध्ये. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने, किसान सभेच्या लाल बावट्याखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत नाकारली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक या लढ्याचे प्रत्यक्षदर्शी कथन आहे.

९/ आज सर्वत्र दिसणारी वारली चित्रकलाही इतिहासातूनच घडली. १९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांत आले आणि चित्रे भिंतीवरून कागदावर उतरली. जिव्या सोमा म्हसे यांनी विधीची चौकट ओलांडून मासेमारी, शेती आणि गावचे जीवन रंगवले. १९८९ मध्ये पॅरिसच्या ‘मॅजिसिएँ द ला तेर’ प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. बायकांच्या हातचा विधी पुरुषांचाही व्यवसाय झाला. याला कोणी ऱ्हास म्हणो वा विस्तार. ‘कालातीत’ मात्र म्हणता येणार नाही.

१०/ यावर आक्षेप येईल : मग निसर्गाशी असलेले नाते खोटे का? मुळीच नाही. ते खरे होते, म्हणूनच जंगलबंदी इतकी जिव्हारी लागली. नाते मान्य करायचे आणि त्या नात्याला लागणारी जमीन व फांदी मात्र विसरायची, ही चलाखी आहे. हॉटेलच्या भिंतीवर तारपा नाच रंगवून घेणाऱ्यांना ती परवडते. राबासाठी डोंगर चढणाऱ्यांना परवडत नाही.

११/ २००६ च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकेत खुद्द संसदेने वनवासी जमातींवरील ‘ऐतिहासिक अन्याय’ नोंदवला आहे. कायद्याने मान्य केलेला हा इतिहास चित्रांच्या रसग्रहणातून वगळण्याचे काहीच कारण नाही. पुढच्या वेळी वारली चित्राखाली ‘निसर्गाशी एकरूप’ असे लिहिले जाईल, तेव्हा एवढेच विचारावे : तो निसर्ग आज कोणाच्या नावावर आहे?