शिफारस कोणाच्या पैशाने?

पावडर-लालीचा विषय समाजवादी साप्ताहिकाच्या पानावर यावा काय, असा प्रश्न काही कार्यकर्त्यांना पडेल. सौंदर्यप्रसाधन म्हटले की सुखवस्तू वर्गाचे चोचले म्हणून तो विषय बाजूला सारायचा, ही चळवळीतील जुन्या मंडळींची सवयच आहे. पण आज तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी मुलगी, खाजगी रुग्णालयातील परिचारिका, बारावीनंतर घरी बसलेली शेतमजुराची लेक ह्या साऱ्याजणी चारशे-पाचशे रुपयांची सीरमची बाटली घेतात. ती कोणती घ्यावी हे त्यांना दुकानदार सांगत नाही, आई सांगत नाही. मोबाइलच्या पडद्यावरील एक अनोळखी ताई सांगते. इन्फ्लुएन्सर म्हणतात ती ही. ह्या ताईवरचा विश्वास आता उडू लागला आहे. तो का उडाला आणि उडून कोठे जाऊन बसणार, हा प्रश्न चोचल्यांचा खचित नाही. त्यात मजुरीचे पैसे आहेत आणि अंगाची कातडीही आहे.

जाहिरातीसाठी प्रसिद्ध चेहरा वापरणे नवे नव्हे. १९४१ साली लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत दिसलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री. पण ती जाहिरात पाहणाऱ्या गृहिणीला नटी कोण आणि आपण कोण हे पक्के ठाऊक असे. नटीने पैसे घेतले आहेत हेही ती जाणून असे. इन्फ्लुएन्सरचे सारे भांडवल हे अंतर पुसून टाकण्यात आहे. ती स्वतःच्या खोलीत बसते, चेहऱ्यावरचे मुरूम दाखवते, ‘मी महिनाभर वापरते आहे ग’ असे म्हणते. तिचे रूप शेजारणीचे असते. शेजारणीच्या सल्ल्याला मोल का, तर त्यातून तिला काही मिळत नसते म्हणून. बाजाराने नेमके हेच हेरले. जे विकाऊ नव्हते म्हणूनच मोलाचे होते, तेच त्याने विकत घेतले.

ही खरेदी कशी होते? प्रथम कंपनीकडून फुकट मालाची पेटी घरी येते. अनुयायांची संख्या वाढली की एकेका रीलमागे पैसे मिळतात. पुढे तिच्या नावाचा सवलतीचा कोड निघतो. त्या कोडाने जितका माल खपेल तितके तिचे कमिशन. ‘माझ्या ताया’ म्हणून ज्यांना हाक मारायची, त्यांच्या प्रत्येक खरेदीवर तिचा हिस्सा चढतो. ह्या व्यवहाराचे स्वरूप सरकारच्या करखात्याने फार लवकर ओळखले, ही गंमतच म्हणायची. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्यातील १९४-आर हे कलम अमलात आले, तेव्हा केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने खुलासा केला की, कंपनीने दिलेली वस्तू वापरून परत केली तर तो लाभ नव्हे. ठेवून घेतली तर लाभ. करवसुलीच्या नजरेला जे ‘भेटी’तील उत्पन्न दिसले, ते प्रेक्षक मुलींपासून मात्र दडलेले होते.

आणि हा खर्च भरतो कोण? मामाअर्थ हा ब्रँड चालवणाऱ्या होनासा कंपनीने २०२३ साली भागविक्री केली. २०२२-२३ ह्या वर्षी तिच्या उत्पन्नातील एक तृतीयांशाहून अधिक रक्कम जाहिरातीवर गेली होती, हे तिचेच आकडे सांगतात. इन्फ्लुएन्सरांवरील खर्च हा त्यातील एक भाग. म्हणजे बाटलीसाठी मोजलेल्या दर तीन रुपयांतील एक रुपया त्या मुलीने स्वतःचे मन वळवून घेण्यासाठी दिला, असाच ह्याचा अर्थ होतो.

जॉर्ज ॲकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक गोष्ट दाखवून दिली. मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर घेणारा सर्वच मालाला सारखी, बेताची किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या मालाचा मालक विकत नाही, तो बाजारातून निघून जातो, आणि मागे खराब माल उरतो. शिफारशींच्या बाजारात हेच घडते आहे. प्रामाणिक शिफारस आणि विकत घेतलेली शिफारस पडद्यावर सारखीच दिसते. तेव्हा प्रेक्षक दोन्हींना सारखेच कमी लेखतो आणि न आवडलेला माल परत पाठवणारी मागे पडते. २०२३ च्या आरंभी अमेरिकेत ‘डीइन्फ्लुएन्सिंग’ची लाट आली, ‘हे घेऊ नका’ असे सांगणाऱ्या चित्रफिती लोकप्रिय झाल्या. पण त्यांतील कित्येकींत लगोलग ‘त्याऐवजी हे घ्या’ असेही होते. अविश्वाससुद्धा बाजाराला विकता येतो.

येथवर प्रश्न प्रामाणिकपणाचा झाला. खरा प्रश्न त्याच्याही पलीकडचा आहे. केरळमधील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ ह्या काळातील मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या २२ रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी १५ जणांत विकाराचा एक दुर्मिळ प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची मलमे वापरीत होते. अशा मलमांत दोष असतो तो पाऱ्याचा. ही मलमे इन्फ्लुएन्सरांनी खपवली असा दावा येथे नाही. मुद्दा निराळा आहे. पाऱ्याने कातडीचा रंग खरोखरच उजळतो. आरशात पाहणारी बाई समाधानाने, कोणाकडून एक पैसा न घेता आणि अगदी खरेपणाने सांगू शकते की ‘मला गुण आला’. मूत्रपिंडात काय चालले आहे हे आरसा दाखवीत नाही. म्हणजे शिफारस करणारी निर्लोभ असली तरी तिचा अनुभव हा पुरावा ठरत नाही. बाटलीत काय आहे हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

कायद्याने ह्याबाबत काही केले नाही असे नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा तसे केल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिफारस करणाऱ्यावर वर्षभराची, पुढे तीन वर्षांपर्यंत बंदीही घालता येते. जाहिरात उद्योगाच्या स्वनियमन मंडळाने २०२१ साली आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये नियम घातले की, पैसे वा भेट घेतली असेल तर ते स्पष्टपणे, शिफारशीच्याच भाषेत सांगावे. नियम चांगला आहे. तथापि ‘पैसे घेतले’ एवढी चिठ्ठी डकवल्याने माल चांगला की वाईट हे कळत नाही. पाहणीचे सारे ओझे पुन्हा त्या दुकानात उभ्या असलेल्या मुलीच्याच डोक्यावर येते.

येथे एक इशारा दिला पाहिजे. मोबाइलपुढे बसलेल्या मुलीलाच खलनायिका ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मोठे उत्पन्न मूठभरांचे; बाकीच्या असंख्य जणी फुकट पेटीवर राबतात. त्यांची अवस्था घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईहून फार वेगळी नाही. कामाचा दर समोरचा ठरवतो, काम नाकारण्याचा अधिकारही त्याचाच. कोणाची रील किती जणींपुढे जाईल हे तर विदेशी कंपनीचे सूत्र ठरवते, आणि त्या सूत्राशी वाटाघाटी करायला युनियन नाही.

पर्याय कोणता, ह्याचा एक दाखला इतिहासात आहे. अमेरिकेत वस्तूंची चाचणी करणाऱ्या एका संस्थेत १९३५ साली कर्मचाऱ्यांचा संप झाला. त्यातून १९३६ साली ‘कन्झ्युमर्स युनियन’ उभी राहिली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक कोल्स्टन वॉर्न तिचे पहिले अध्यक्ष. नियम दोनच: उत्पादकाची जाहिरात घ्यायची नाही आणि चाचणीचा माल दुकानातून पैसे देऊन आणायचा. आरंभीच्या काळात ती वस्तूच्या दर्जाबरोबर तो माल बनवणाऱ्या कामगारांच्या स्थितीचीही नोंद देई. आपल्याकडेही १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी काढली व मालाच्या चाचण्या करवून घेतल्या. नायगावचा अपना बाजार, ग्राहक पंचायतीची सामुदायिक खरेदी, १९७२ मध्ये मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर ह्यांच्याबरोबर लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या गृहिणी, हा वारसा परक्याचा नाही. धान्य-तेलाच्या भावावर ज्या चळवळीने बायका संघटित केल्या, तिने त्यांच्या मुलींच्या बाटल्यांकडे मात्र तुच्छतेने पाहिले.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात २६ वे कलम आहे. कोणीही व्यक्ती वा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना आपण विकत घेतलेले सौंदर्यप्रसाधन ठरावीक शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकते आणि त्याचा सहीनिशी अहवाल मिळवू शकते. ह्या कलमाचा वापर क्वचितच होतो. जिल्ह्याच्या बाजारात सर्वाधिक खपणारी दहा-बारा मलमे महिला आघाडीने वर्गणीतून विकत घ्यावीत, पावत्या जपून ठेवाव्यात, नमुने पाठवावेत आणि आलेले अहवाल नावानिशी, मराठीत, त्याच मोबाइलवर प्रसिद्ध करावेत. रील बनवता येणाऱ्या मुली पक्षाच्या प्रत्येक शाखेच्या आसपास आहेत. त्यांतील काही जणींना फुकट पेटीच्या कामाचा वीटही आला आहे.