फ्लॅटच्या आतील वीज तपासणार कोण?

मुंबई : परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी लागलेल्या आगीत चौघांचा बळी गेला. इमारतीतील अग्निशमन यंत्रणा निकामी असल्याचे त्यानंतर उघड झाले. अशा दुर्घटनांनंतर सोसायट्यांच्या नावे नोटिसा निघतात आणि चर्चा पंप, पाण्याच्या टाक्या व जिन्यांभोवती फिरत राहते. घराच्या आतील वायरिंग मात्र या चर्चेबाहेरच राहते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार, कायदा लागू असलेल्या इमारतींच्या मालकाने वा भोगवटादाराने दर वर्षी जानेवारी व जुलैमध्ये यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. ही तपासणी प्रामुख्याने सामाईक यंत्रणेची. फ्लॅटचे दार सहसा कोणी ठोठावत नाही. विजेच्या नियमांत ठरावीक मुदतीने तपासणीची तरतूद असली, तरी घरगुती जोडणीबाबत सारा भार मालकाच्या स्वयंप्रमाणनावर आहे. ते किती घरांत होते, हे वेगळे सांगावयास नको.

आगीचे कारण म्हणून पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ हा शब्द येतो. वास्तविक शॉर्टसर्किट हा बहुधा शेवटचा टप्पा असतो. सैल झालेला स्क्रू, भाराच्या मानाने बारीक वायर, तापून कडक झालेले आवरण ही त्याआधीची पायरी. जुन्या इमारतींतील वायरिंग दिवे-पंख्यांच्या हिशेबाने झाले. गीझर, मायक्रोवेव्ह, एसी नंतर आले. दोन किलोवॉटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर वीज ओढतो. तो सहा अँपिअरच्या प्लग पॉइंटवर मल्टिप्लग लावून चालवला, तर सॉकेट तपकिरी पडू लागते, जळका वास येतो. नेमक्या याच खुणांकडे ‘चालतंय ना’ म्हणून दुर्लक्ष होते.

एमसीबी बसवली म्हणजे काम झाले, हाही एक गैरसमज. एमसीबी जादा भार व शॉर्टसर्किट रोखते. विजेच्या धक्क्यापासून वाचवते ती आरसीसीबी. घरगुती जोडणीसाठी तिची मर्यादा ३० मिलिअँपिअर आहे. तिच्यावरील ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहणे एवढीच अपेक्षा असते. पण अनेक घरांत ते बसवल्यापासून दाबलेलेच नसते. उलट पावसाळ्यात ती वारंवार पडू लागली, की दोष शोधण्याऐवजी वायरमनकडून ती वगळूनच जोडणी करून घेतली जाते.

धुराच्या गजराचीही तीच गत. फोडणीच्या वा उदबत्तीच्या धुराने तो वाजला, की बॅटरी काढली जाते. स्वयंपाकघरासाठी उष्णतेवर चालणारा गजर अधिक योग्य, हे विक्रेतेही क्वचितच सांगतात.

इंग्लंडमध्ये खासगी घरमालकांना भाड्याच्या घरात प्रत्येक राहत्या मजल्यावर धुराचा गजर लावणे २०१५ पासून बंधनकारक आहे. २०२० च्या नियमांनी किमान दर पाच वर्षांनी वायरिंगची तपासणीही सक्तीची केली. मात्र, स्वतःच्या घरात राहणाऱ्या मालकाला हे नियम तेथेही लागू नाहीत. मुंबईत सोसायटीला सर्वसाधारण सभेच्या ठरावाने सर्व फ्लॅटची एकत्रित तपासणी करून घेता येईल. अडचण आहे ती खर्चाची आणि त्याहून अधिक, नूतनीकरणात भिंतीआड केलेले फेरफार दाखवण्याची सभासदांची तयारी नसण्याची.