उष्मांकांचा हिशेब

हल्ली आमच्या नेरुळ-वाशीत सोसायटीगणिक एक ‘न्यूट्रिशन कोच’ भेटतो. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम, भिंतीवर प्रमाणपत्र आणि सल्ला ठरलेला: कमी खा, जास्त चाला. सल्ला खोटा नाही. पिष्टमय पदार्थ व प्रथिने ग्रॅममागे 4 उष्मांक देतात, स्निग्ध पदार्थ 9. खर्चापेक्षा जमा वाढली की शिल्लक चरबीत जाते. ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तळ्याभोवती तासभर चालून दोन-अडीचशे उष्मांक खर्ची पडतात. बाहेर येऊन खाल्लेला वडापाव ते बहुधा व्याजासकट परत करतो!

पण वजनकाटा सारे सांगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचीच छायाचित्रे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, बीएमआय 22.3. चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिकांची 21.2. गोऱ्यांच्या तक्त्यावर ‘उत्तम’ ठरलेला आपला सडपातळ माणूस आतून असा असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 झाला की वजन जास्त धरतात.

तेव्हा कंबर न मोजता, रक्ताचा अहवाल न पाहता, घरात महिन्याला तेल किती लागते हे न विचारता कुणी आहाराचा तक्ता लिहून देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजोबांना परस्पर उपास सांगणे तर धोक्याचेच. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारायला हवे; औषध चालू आणि पोट रिकामे असले, तर साखर एकाएकी उतरून माणूस जागीच कोसळू शकतो.